कागदाचा हात

मी तेव्हा नवा. वालपाराइसोच्या
भाजलेल्यांच्या वॉर्डात तिसरीच रात्र.
खिशात कार्ड: डोकं नऊ, एकेक हात नऊ,
छाती-पोट अठरा, पाठ अठरा, एकेक पाय अठरा,
उरलेला एक जिथं उरतो तिथं.
अख्खा माणूस शंभरात बसतो
याचं मला त्या वयात बरं वाटायचं.

दोन वाजता निकानोरला आणलं. वय चार.
टेकडीवरचं घर, टेबलावर नुकतीच उतरवलेली किटली,
आणि हाताला येईल अशी लोंबणारी टेबलक्लॉथची कड.
पाणी शंभरावर उकळतं, समुद्रकाठी तर अगदी काटेकोर.
त्याला कुणी बजावलेलं नसतं.
ते नियम पाळत नाही,
त्याला तो मोडता येत नाही, इतकंच.
आपण त्यालाही नियमच म्हणतो
आणि "भेटीची वेळ चार ते सहा" यालाही.

मी कार्ड काढून बेरीज मांडली.
एदुविहेस पाइनेमाल, सव्वीस वर्षं रात्रपाळी,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली,
माझ्या मनगटावर टिचकी मारून म्हणाली,
"हे मोठ्यांचं. याचं डोकं बघ केवढं आहे.
लहान केला की माणसाचं पोर होत नाही.
हात घे. बोटांसकट. तो एक."
मी माझा पंजा पसरला.
"त्याचा, रे. त्याचा."

मग त्याच्या धड राहिलेल्या डाव्या हाताभोवती
पेन्सिल फिरवली, कात्रीनं कापला,
आणि तो कागदाचा हात
जखमेवर अधांतरी धरत सरकलो.
गाल, मान, खांदा, छाती.
अकरा. बारा. तेरा.
तेरावर सलाईन ठरलं.

आमच्याकडे नियम आणि मोजपट्टी, दोन्हींना एकच शब्द: रेग्ला.
शाळेत बोटांच्या पेरांवर बसायची ती रेग्ला.
बायकांची महिन्याची पाळी, तीही रेग्लाच,
कधी चार दिवस आधी येते, कधी येतच नाही,
तरी तिचं नाव कुणी बदललेलं नाही.

सकाळी डॉक्टर आईला म्हणाले,
"नियमानं तीन आठवडे लागतात."
ते म्हणाले, बहुतेक.
तिनं ऐकलं, ठरलं.

एकविसाव्या दिवशी ओतिलिया आली,
मासळीच्या शेडमधून थेट, कोपरापर्यंत खवले.
पिशवीत धुतलेला शर्ट, नवे बूट,
एक नंबर मोठे, पाय वाढतो म्हणून.
निकानोरचा खांदा अजून ओला होता.
"तुम्हीच म्हणालात, नियम आहे."
भांडत नव्हती. दुकानात पावती पुढं करावी
तसं बोलत होती.
मी सांगू लागलो, शंभरातली ऐंशी पोरं...
"मला एकच आहे," ती म्हणाली.
मी पट्टी गुंडाळत राहिलो, गुंडाळलेलीच पुन्हा.

सात वाजून गेले होते.
भेटीच्या वेळेची पाटी दारावर,
एदुविहेसनंच खिळा ठोकून लावलेली.
"नियम म्हणजे नियम," ती मोठ्यांदा म्हणाली,
कॉरिडॉरच्या टोकाला ऐकू जाईल इतकं,
आणि खुर्ची आत ओढून घेतली, खाटेला लागून.

"कधी सुटेल?"
"नेम नाही, बाई."
पुढं काहीतरी गोड जोडेल म्हणून मी थांबलो.
तिनं जोडलं नाही.
दोघी बराच वेळ सलाईनच्या थेंबाकडे बघत होत्या,
तो मात्र नेमानं पडत होता.

निकानोरनं बूट पांघरुणावर ओढले.
त्यांच्यावर पंजा ठेवून मोजले, आम्ही मोजायचो तसे:
दोन हात आणि थोडं.
मग आई वाकली.
कपाळ, एक गाल, दुसरा गाल, हनुवटी,
गळा, हा खांदा, तो खांदा,
सात.
पुढं दंड होते, पाठ होती, बरीच आई उरली होती.
सात, तो पुन्हा म्हणाला,
पंजा पुढं सरकवत,
सात, सात,
आठ त्याला अजून येत नव्हता.